तिसऱ्यांदा लिहिलेलं नाव

बिबवेवाडीत रुकसानाच्या दुकानात लग्नपत्रिका करायला जायचं तर घरून जेवूनच निघावं, कारण ती लवकर सोडत नाही. खुर्ची देते, चहा मागवते, पंखा तुमच्याकडे वळवते. पण पत्रिकेचं प्रूफ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या फोन नंबरापर्यंत तुमच्याच तोंडून मोठ्यांदा वाचून घेतल्याशिवाय उठू देत नाही. एखादे मामा घड्याळाकडे बघत "अहो ताई, बरोबर आहे सगळं, टाका छापायला" म्हणाले, की ही चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "लग्न तुमच्या घरचं आहे की माझ्या? वाचा." भिंतीवर सूचनांची पाटी-बिटी काही नाही. पाटीची गरजच काय, बाई स्वतः बसलेली असते ना तिथे!

ही खोड तिच्या वडिलांची. हमीदभाई भवानी पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची ती बारकी, उलटी अक्षरं. लहानपणी रुकसाना त्यांचा डबा घेऊन जायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत खिळ्यांच्या खणांशी खेळत बसायची, त्यामुळे शाळेत जायच्या आधीच तिला उलटी अक्षरं वाचता यायला लागली. पहिलीत बाईंनी फळ्यावर सुलटा 'क' काढला तेव्हा हिने हात वर करून सांगितलं, बाई, तुमचा चुकलाय. हमीदभाई प्रूफ नेहमी गिऱ्हाइकाकडून वाचून घ्यायचे. नुसतं डोळ्यांनी बघितलं की माणूस त्याच्या मनात असतं तेच वाचतो, तोंडाने वाचायला लावलं की झक मारत कागदावरचं वाचावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. खिळे गेले, छापखाना गेला, हमीदभाईही गेले. अरफातशी लग्न होऊन रुकसाना बिबवेवाडीत आली ती साड्या-भांड्यांबरोबर एक जुना कॉम्प्युटरही घेऊन आली. सासरच्यांनी तो उघडून बघितला, काही कळलं नाही, म्हणून झाकून ठेवला. तिने तो परत उघडला आणि पुढच्या खोलीत दुकान टाकलं.

स्क्रीन रेकॉर्ड करायची सवय मात्र तिची स्वतःची. त्याला कारण घडलं होतं. एका गिऱ्हाइकाने मुहूर्ताची वेळ चुकीची सांगितली, स्वतःच वाचली, स्वतःच मान डोलावली, आणि पत्रिका वाटून झाल्यावर दुकानात येऊन आकाशपाताळ एक केलं. "आम्ही असं सांगितलंच नव्हतं!" आता काय करणार? रुकसानाने पदरचे घालून सगळ्या पत्रिका परत छापून दिल्या आणि महिनाभर ती ज्याच्या त्याच्यावर खेकसत होती. पुढे एकदा स्क्रीनचा फोटो काढायला म्हणून तिने तीन बटणं एकदम दाबली, त्यातलं एक चुकलं, आणि पडदा अंधुक होऊन वर एक छोटीशी पट्टी उतरली. कात्रीचं चित्र असलेल्या ज्या टूलने ती रोज फोटो काढायची, ते टूल व्हिडिओही काढत होतं! आधीपासून तिथेच बसलेलं, फुकट, काही डाउनलोड करायला नको. "म्हणजे इतकी वर्षं तू माझ्या घरात राहतोस आणि तोंडातून चकार शब्द काढत नाहीस होय रे?" असं ती कॉम्प्युटरला म्हणाली.

तेव्हापासून नियम झाला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ती माउसने पत्रिकेभोवती चौकोन ओढते, स्टार्ट दाबते, आणि कच्च्या मजकुरापासून पक्क्या प्रूफापर्यंत पडद्यावर जे जे होईल ते रेकॉर्ड करते. मग ऑर्डर ज्याच्या नावावर असेल त्याच्या फोनवर प्रूफ आणि रेकॉर्डिंग दोन्ही पाठवते. कोणी काय लिहायला लावलं, काय खोडायला लावलं, सगळं समोर. आता करा भांडण!

पण माइक बंद. त्या पट्टीवर माइकचं चिन्ह असतं, त्यावर आडवी रेघ आहे ना, हे ती दरवेळी बघून घेते. कारण पत्रिका करायला माणसं बसली की नावांच्या आधी घरातलीच भांडणं बाहेर येतात. कुठल्या मामाचं नाव आधी, कुठल्या आत्याशी बोलणं बंद, कोणी दागिने परत दिले नाहीत. "ते टिपून ठेवायला मी काय पोलीस आहे?" रुकसाना म्हणते. अक्षरं रेकॉर्ड करायची, माणसं नाही, एवढा तिचा साधा हिशेब होता आणि तो कधी चुकला नव्हता.

तर अशा या दुकानात सत्यशीलाबाई इंगोले आणि त्यांचे दीर कोंडीराम आले. सत्यशीलाबाई मूळच्या वाशिमकडच्या. नवरा दिगांबर गेला तेव्हा मुलगी अपेक्षा दुसरीत होती. कोंडीराम तेव्हा पुण्यात एका कारखान्यात कामाला होते, त्यांनी दोघींना इकडे आणलं आणि शेजारची खोली बघून दिली. सत्यशीलाबाईंनी बाहेरून शिकायला आलेल्या पोरांचे डबे सुरू केले. त्या डब्यांवर अपेक्षा इंजिनिअर झाली आणि हैदराबादला नोकरीला लागली. आता कोथरूडच्या शुभंकरशी तिचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेची ऑर्डर तिनेच फोनवरून दिली होती, डिझाइनही तिनेच निवडलं होतं. मजकूर मात्र आई आणि काका येऊन सांगतील, म्हणाली.

रुकसानाने चौकोन ओढला, माइकवरची रेघ बघितली, रेकॉर्डिंग सुरू केलं. कोंडीरामांनी घसा साफ करून मजकूर सांगायला घेतला. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. कै. दिगांबर इंगोले यांची कन्या चि. सौ. कां. अपेक्षा, इथपासून मुहूर्त, कार्यालय, सगळं. शेवटी म्हणाले, "आता निमंत्रक. श्री. कोंडीराम आणि सौ..."

"त्याच्या वर माह्यं नाव टाकता का?" सत्यशीलाबाई म्हणाल्या.

इतक्या हळू म्हणाल्या की पंख्याच्या आवाजात ते विरून जायचं. पण रुकसानाच्या बोटांना सवय होती. नाव ऐकलं की ती चालू लागतात. 'श्रीमती सत्यशीला दिगांबर इंगोले.' ओळ पडद्यावर आलीसुद्धा.

कोंडीराम चपापले. वाईट माणूस नव्हता तो, हे आधीच सांगून ठेवते. आवाजही चढवला नाही. "वहिनी, तसं नसते," एवढंच म्हणाले. "निमंत्रकात सवाष्णीचं नाव असते. आपल्यात पद्धत नाही. गावाकडं पत्रिका जाईल, लोक काय म्हणतील?"

"बरं, राहू द्या मंग," सत्यशीलाबाई लगेच म्हणाल्या. रुकसानाने ओळ खोडली.

पण तिला राहवेना. तिने आपलं साधेपणाने सुचवल्यासारखं केलं, "काका, निमंत्रकात नको तर नको. खाली बारीक अक्षरात विनीत म्हणून टाकते. बघा कसं दिसतं." आणि टाकलंसुद्धा. कोंडीरामांनी पडद्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, आणि मान हलवली. "बारीक काय नि मोठं काय, पत्रिकेत आलं म्हणजे आलं. गावाकडच्यांची तोंडं मी नाही धरू शकत, ताई." रुकसानाने तेही खोडलं. लग्न त्यांच्या घरचं होतं.

तेवढ्यात कोंडीरामांचा फोन वाजला. मांडववाल्याचा होता. दुकानात रेंज नीट येत नाही, म्हणून ते बोलत बोलत रस्त्यावर गेले.

सत्यशीलाबाईंनी ते दाराबाहेर गेलेले बघितले. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "ताई, एकदा परत लिवून दाखवता का? ठेवू नका. नुसतं पाहते."

रुकसानाने लगेच कीबोर्ड ओढला. नाव परत लिहिलं, जिथे पहिल्यांदा लिहिलं होतं तिथेच. मग तिने ते झूम करून मोठं केलं आणि माउसचा बाण नावाखाली आणून ठेवला. सत्यशीलाबाईंना चष्मा लावायची लाज वाटे, त्या खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ वाकल्या. इतक्या वर्षांत त्यांचं नाव रेशनकार्डावर आलं असेल, आधारकार्डावर आलं असेल. अशा वेलबुट्टीच्या अक्षरात, गणपतीच्या चित्राखाली, ते पहिल्यांदाच दिसत होतं. त्या बघतच राहिल्या. रुकसानाचा हात माउसवर तसाच. डोळे भरून येतील की काय असं वाटून ती उगाचच चहाच्या कपाकडे बघत बसली.

बाहेर कोंडीरामांचा "बरं बरं, ठेवतो" असा आवाज आला. "काढा आता," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

एरवी रुकसाना अख्खी ओळ पकडून एका बटणात उडवते. या वेळी तिने शेवटून एकेक अक्षर खोडलं. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग वाचन झालं. सत्यशीलाबाईंनी सगळी पत्रिका न अडखळता वाचली. अडखळण्यासारखं तिच्यात काही उरलंच नव्हतं. निघताना दारात चपला घालता घालता त्या रुकसानाला म्हणाल्या, "पोरीनं विचारलं तं सांगजा, आईच नको म्हणे."

दोघं गेली. रेकॉर्डिंग आपोआप साठवलं गेलं होतं. रुकसाना पाठवायला गेली आणि थांबली.

नियमाप्रमाणे रेकॉर्डिंग पूर्ण पाठवायचं. पण ते तिसऱ्यांदा लिहिलेलं नाव? ते काही पत्रिकेचं काम नव्हतं. एका बाईने क्षणभर स्वतःसाठी मागून घेतलेली गोष्ट होती ती, दिराच्या नकळत. ते लेकीला दाखवायचं म्हणजे चहाडीच की. त्याच कात्रीच्या टूलमध्ये व्हिडिओ छाटायची सोय असते. दोन्ही टोकांच्या खुंट्या ओढायच्या, नको तेवढं बाहेर. पण हे नेमकं मधलं. शेवट छाटावा तर वाचनाचा भाग जाणार. आणि एकदा छाटलं की मग ज्या रेकॉर्डिंगच्या जिवावर ती गिऱ्हाइकांशी भांडायची, त्याला अर्थ काय राहिला? शिवाय आतून दुसरंच काहीतरी सांगत होतं, की पाठव, बये, सगळं पाठव. त्या आतल्या आवाजाचीच तिला जास्त भीती वाटली. लोकांच्या घरात काडी लावायला वेळ लागत नाही.

शेवटी तिने सरळ सत्यशीलाबाईंना फोन लावला. आडवळणाने बोलायची तिला सवयच नाही. "ताई, मी पडद्यावरचं सगळं रेकॉर्ड करते आणि अपेक्षाला पाठवायचं असतं. त्यात तुमचं नाव तीनदा आलंय. तिसऱ्यांदाचंही. पाठवू का? नको म्हणालात तर आत्ता पुसते, परत बसू, नवीन करू."

पलीकडे पोळ्या लाटायचा आवाज चालू होता. तो थांबला.

"त्यात आवाज हाये का?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"नाही. नुसती अक्षरं."

मग लाटणं परत सुरू झालं. "मंग पाठवा," त्या म्हणाल्या.

अपेक्षाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आवाज घोगरा होता. "ताई, मी व्हिडिओ बघितला. पहिल्यांदा आईचं नाव आलं, गेलं. दुसऱ्यांदा आलं, गेलं. ओके. आई म्हणते, मीच नको म्हटलं. मग ते तिसऱ्यांदा कोणी लिहायला लावलं? आणि इतका वेळ तो कर्सर खाली का थांबलाय?"

"आमच्या रेकॉर्डिंगला आवाज नसतो," रुकसाना म्हणाली.

"आवाज नाहीये म्हणून तर विचारतेय ना!"

"विचारायचं तर आईला विचारा. मी फक्त टाइप करते." हे बोलताना रुकसानाचा स्वतःचाच आवाज जड झाला होता आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

अपेक्षा नाक ओढून म्हणाली, "बरं. पत्रिका छापू नका अजून."

फोन ठेवल्यावर रुकसानाला धडकी भरली. आता काय होणार? पोरगी काकांवर चिडणार, काका वहिनीवर, लग्नाच्या तोंडावर घरात अबोला, आणि या सगळ्याच्या मुळाशी कोण, तर ही, कात्रीवाली! "तुला कोणी सांगितलं होतं मोठं करून दाखवायला?" असं तिने स्वतःला दहा वेळा विचारलं. अरफात म्हणाला, "जेवून घे, मग घाबर." तिला घास गेला नाही.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोंडीराम आले. सत्यशीलाबाई मागे, मान खाली. रुकसानाने मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार ठेवली. माझा नियम आहे, मी सगळ्यांनाच पाठवते, वहिनींना विचारून पाठवलंय. कोंडीराम मात्र खुर्चीत बसले आणि खिशातून फोन काढून त्याच्याकडे बघत राहिले.

"पोरीनं हे पाठवलं," ते म्हणाले. "वर एक शब्द लिहिला नाही तिनं. मले वाटलं चुकून आलं. दोनदा पाहिलं तवा समजलं." मग रुकसानाकडे बघून विचारलं, "हे मी बाहेर फोनवर होतो तवाच ना?"

रुकसानाने मान डोलावली.

"मी होतो तवा तं लगेच राहू द्या म्हणाल्या," कोंडीराम वहिनीला म्हणाले. "मले वाटलं, तुमाले काही वाटत नाही."

"भाऊजी, जाऊ द्या ना आता," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"काय जाऊ द्या? काहून जाऊ द्या?" आता त्यांचा आवाज चढला, पण तो वहिनीवर नव्हता. "दादा गेल्यावर पोरीच्या शाळेत सही माह्यी, कॉलेजात सही माह्यी. लोक म्हणतात, काकानं शिकवलं. मीबी ऐकून घेतलं, कधी म्हटलं नाही की डबे तर वहिनीनं केले. आता पत्रिकेतबी मीच? लाज वाटली मले, वहिनी. रात्रभर झोप नाही." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि रुकसानाकडे वळले. "ताई, पहिल्यांदा जिथं लिवलं होतं तिथंच टाका. सगळ्यात वर. आमची नावं तिच्या खाली."

"आणि गावाकडचे?" रुकसानाने विचारलं. तिच्याने राहवलंच नाही.

"गावाकडचे येतील, जेवतील, जातील," कोंडीराम म्हणाले. "ज्याले नाव वाचून जेवण जात नसंल त्यानं येऊ नये."

रुकसानाने नाव लिहिलं. चौथ्यांदा. मग सवयीने पत्रिकेभोवती चौकोन ओढला आणि सवयीने माइकच्या चिन्हाकडे बघितलं. आडवी रेघ जागच्या जागी होती. तिने हात थांबवला.

"ताई, मी कधी माइक चालू करत नाही," ती सत्यशीलाबाईंना म्हणाली. "आज करू का? अपेक्षाला ऐकता येईल. तुम्हाला नको असेल तर नको."

सत्यशीलाबाईंनी दिराकडे बघितलं नाही. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "करा."

पडद्यावर तीन, दोन, एक झालं. सत्यशीलाबाई वाचू लागल्या. श्रीगणेशापासून, कुलदेवतेपासून, लेकीच्या नावापासून, जावयाच्या नावापासून. मुहूर्त वाचला, कार्यालय वाचलं. मग 'निमंत्रक' म्हणाल्या आणि थांबल्या.

अशा वेळी रुकसाना काय म्हणते ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण ती बोलली नाही. कोंडीराम पंख्याकडे बघत होते. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा हॉर्नही त्या रेकॉर्डिंगमध्ये आलेला आहे.

"श्रीमती," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "श्रीमती सत्यशीला दिगांबर इंगोले." मग त्याच दमात दिराचं नाव वाचलं, जावेचं वाचलं, आणि फोन नंबरापर्यंत पोचल्या.

"अक्षर जरा मोठं करा तिचं," कोंडीराम पंख्याकडेच बघत म्हणाले. "लांबून दिसलं पाहिजे."

रुकसानाने मोठं केलं. डोळे पुसायला तिला मोकळा हात नव्हता, म्हणून तिने ते खांद्याला पुसले. मग आपला नेहमीचा कोरडा सूर कसाबसा धरून विचारलं, "झालं? ठीक आहे सगळं? टाकू छापायला?"

सत्यशीलाबाई पडद्याकडेच बघत होत्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "एकदा परत वाचू का?"

"वाचा की," रुकसाना म्हणाली. "लग्न तुमच्या घरचं आहे." आणि तिने रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.